वाडा घरी येतो

पाठ ९ (पातळी ४)

वाचण्यापूर्वी: ‘वाडा’ म्हटलं की तुमच्यापैकी बहुतेकांना पुण्याचा शनिवारवाडा आठवेल. जाड भिंती, मोठा दरवाजा, मध्ये चौक. या पाठातल्या वाड्याला भिंतच नाही आणि तो चालतो. पाठ आधी एकदा सलग वाचा. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारा, पण तिथे थांबू नका. बरेचसे शब्द दोन-चार ओळींत आपोआप कळतात.

*

आमच्या शेजारच्या बाईंचे आईवडील दर उन्हाळ्यात महिनाभर त्यांच्याकडे राहायला येतात. येतात ते आपलं घर घेऊनच. निवृत्त झाल्यावर त्यांनी राहतं घर विकलं आणि एक मोठी मोटरहोम घेतली. वर्षातले अकरा महिने ते दोघं रस्त्यावर असतात. हिवाळ्यात ॲरिझोना, मग यूटा, मग आणखी कुठे. जूनमध्ये ती गाडी मुलीच्या ड्राइव्हवेत येऊन उभी राहते. मी एकदा त्या आजोबांना विचारलं, “आता महिनाभर आराम ना?” ते हसले. दातांचा डॉक्टर, डोळ्यांचा डॉक्टर, साठलेलं टपाल, गाडीचे टायर, टॅक्सचे कागद अशी त्यांची मोठी यादी होती. आराम रस्त्यावर असतो, घरी आलं की कामंच कामं, असं ते म्हणाले.

हेच बोलणं मी लहानपणी दर जूनमध्ये ऐकलेलं आहे. बोलणाऱ्याच्या खांद्यावर घोंगडी असायची आणि त्याचं घर घोडीच्या पाठीवर असायचं.

माझं गाव सातारा जिल्ह्यात, फलटणच्या दक्षिणेला, माण तालुक्याच्या हद्दीजवळ. फलटण तालुक्याच्या उत्तर भागात नीरा उजव्या कालव्याचं पाणी येतं, त्यामुळे तिकडे नजर जाईल तिथे ऊस. आमच्या बाजूला कालवा नाही. पाऊस वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर. सह्याद्री ओलांडून कोकणात उतरलात तर तोच पाऊस ३००० मिलिमीटरच्या आसपास असतो. समुद्राकडून आलेले ढग डोंगर चढता चढता रिकामे होतात आणि आमच्यापर्यंत येतो तो नुसता वारा. अशा भागाला ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ म्हणतात. पर्जन्य म्हणजे पाऊस, छाया म्हणजे सावली. हा शब्द मला शाळेत फार आवडायचा. पाऊस मात्र शब्दाइतका छान कधी पडला नाही.

गावातली निम्मी घरं धनगरांची. धनगर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या पाळणारा समाज. (धनगरांतही प्रकार आहेत. सह्याद्रीच्या जंगलात राहणारे गवळी धनगर म्हशी पाळतात. आपण इथे मेंढ्यांवाल्यांबद्दल बोलतोय.) दिवाळी झाली की आमच्याकडचं गवत संपायला लागतं. मग पाच-सात कुटुंबं आपापल्या मेंढ्या एकत्र करतात आणि पश्चिमेला निघतात. या चालत्या वस्तीलाच ‘वाडा’ म्हणतात. पाच-सहाशे मेंढ्या, आठ-दहा घोडी, कुत्री, कोंबड्या, माणसं, तान्ही मुलं, सगळं मिळून एक वाडा.

चालण्याची पद्धत ठरलेली असते. पुरुष मेंढ्यांबरोबर चरत चरत, आडवाटेनं येतात. बायका पहाटे सगळं बिऱ्हाड घोड्यांवर लादतात. पाल, भांडी, पिठाचा डबा, पाण्याच्या घागरी, डालग्यात कोंबड्या आणि नुकती जन्मलेली कोकरं. मग त्या रस्त्यानं पुढे जातात आणि पुरुष पोचायच्या आधी नवीन जागी पाल उभारून, पाणी शोधून, चूल पेटवून ठेवतात. दुसऱ्या दिवशी किंवा चार दिवसांनी पुन्हा तेच. मेंढरं राखणारा माणूस फोटोत दिसतो. रोज घर मोडून रोज घर मांडणारी बाई त्या फोटोत सहसा नसते.

फलटणहून भोर, तिथून वरंध घाट उतरून महाड. हे अंतर दीडएकशे किलोमीटर आहे. गाडीनं चार-पाच तासांचं. वाड्याला पंधरा-वीस दिवस लागतात. काही वाडे महाबळेश्वरकडून आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरतात, काही कुंभार्ली घाटानं चिपळूणकडे.

कोकणात का? तोपर्यंत तिथे भाताची कापणी झालेली असते. खाचरं रिकामी असतात आणि शेतकऱ्याला खत हवं असतं. रात्री मेंढ्या त्याच्या खाचरात बसवायच्या. चारी बाजूंनी ‘वाघर’ म्हणजे दोरीची जाळी लावायची, म्हणजे मेंढ्या बाहेर जात नाहीत आणि लांडगा-बिबट्या सहज आत येत नाही. सकाळपर्यंत लेंड्या आणि मूत्र जमिनीत जातं. मेंढ्या फिरवल्या की खत आपोआप पसरलं जातं, टोपलीनं वाहून न्यावं लागत नाही. त्याबदल्यात शेतकरी भात देतो, हल्ली बहुधा रोख पैसे. एका शेतातून दुसऱ्या, एका गावातून दुसऱ्या गावात, असे आठ महिने जातात.

आणि मे महिना संपत आला की परत फिरायचं. कोकणातला पहिला मोठा पाऊस अंगावर घ्यायचा नाही, हा नियम. आमच्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि भरड असते. ती भिजली की वाळत नाही. चिखलात खुरं सडतात, कोकरं थंडीनं मरतात. म्हणून बाकी महाराष्ट्र पावसाची वाट बघत असतो तेव्हा धनगर पावसापासून लांब चाललेला असतो, जिथे कमी पडतो तिथे. तिथेच त्याचं घर आहे.

*

सातवीपर्यंत माझ्या बाकावर बसणारा माझा मित्र असाच वाड्यावरचा. चार महिने बाकावर, आठ महिने कोकणात. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याची जागा रिकामी व्हायची ती थेट जूनमध्ये भरायची. गुरुजी हजेरीत त्याचं नाव घ्यायचे आणि आम्ही सगळे एका सुरात ओरडायचो, “वाड्यावर!” शाळेच्या दाखल्यावर त्याची जन्मतारीख १ जून आहे. त्यात विशेष काही नाही. ज्याची तारीख घरच्यांना सांगता येत नसे त्याला गुरुजी १ जून देऊन टाकत, त्यामुळे आमच्या वर्गात बऱ्याच जणांचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा. त्याची आई सांगते की तो थंडीच्या दिवसांत, पोलादपूरच्या पुढे एका खाचरात, पहाटे जन्मला. तिसऱ्या दिवशी वाडा हलला तेव्हा तो घोडीवर होता, कोकरांच्या शेजारी.

सातवीनंतर तो शाळेत परत आला नाही. मी पुढे शिकलो, कॉम्प्युटरच्या कामाला लागलो, इकडे आलो. आम्ही दोघंही गावाबाहेरच असतो. फक्त तो चालत जातो.

यंदा जुलैमध्ये मी तीन आठवड्यांसाठी गावी गेलो होतो. तोही घरीच होता. मला बघून म्हणाला, “कवा आलास?” (आमच्याकडे ‘कधी’ला ‘कवा’ म्हणतात.) मी म्हटलं, परवा आलो, सुट्टीवर आलोय. तर म्हणाला, “मीबी सुट्टीवरच हाय की. बघ माझी सुट्टी.” तो पत्र्यावर चढून गळकी जागा डांबर लावून बुजवत होता.

त्याची सुट्टी पुढे आठ दिवस मी जवळून पाहिली. आल्या आल्या मेंढ्यांना लस टोचायची. पावसाळ्यातलं कोवळं गवत अधाशासारखं खाल्लं की मेंढ्यांना आंत्रविषार नावाचा रोग होतो, संध्याकाळी धडधाकट असलेली मेंढी सकाळी मेलेली असते. मग जंताचं औषध. दोन एकर कोरडवाहू जमीन आहे, तिथे बाजरी पेरायची. रेशनकार्डासाठी अंगठा द्यायला जायचं. बँकेत गेलं की एक कागद कमी असतो, म्हणून पुन्हा जायचं. (एका कार्यालयात त्याला विचारलं, “गेले आठ महिने तुम्ही कोणत्या पत्त्यावर होता?” या प्रश्नाला तो काय उत्तर देणार?) मुलीच्या शाळेचा गणवेश, आईचे गुडघे, घोडीचे नाल. चार महिन्यांत बारा महिन्यांची कामं उरकायची.

रात्री मात्र तो घरात झोपत नाही. दोन खोल्या आहेत, पंखा आहे, पण पहिले पंधरा-वीस दिवस त्याला पत्र्याखाली कोंडल्यासारखं होतं. अंगणात घोंगडं टाकून झोपतो. आणि सलग झोपतही नाही. मेंढ्यांनी कूस बदलल्याचा आवाज आला तरी जागा होतो, कारण आठ महिने त्याच आवाजावर त्याचा कान असतो. कुत्र्यांचंही तसंच. वाड्यावरची कुत्री गावात आली की गोंधळतात. प्रत्येक माणूस त्यांना परका वाटतो, आणि गल्ली तर माणसांनी भरलेली.

वहिनींची गोष्ट उलटी. त्यांना घरातली सगळ्यांत आवडती वस्तू कोणती, तर दार. न्हाणीघराला दार आहे, कडी आहे. वाड्यावर अंधार असतानाच अंघोळ उरकावी लागते. वाडा घरी आला त्या दिवशी दुपारी त्या जेवल्या, भिंतीला टेकल्या आणि बसल्या जागी झोपून गेल्या. त्यांच्या सासूबाईंनी मला हे मोठ्या अभिमानानं सांगितलं, “तीन दिस मी कुणाला तिला उठवू दिलं न्हाई. भाकऱ्या म्या केल्या.” गुडघे दुखत असताना त्यांनी दहा माणसांच्या भाकऱ्या केल्या. त्या स्वतः चाळीस वर्षं वाड्यावर चालल्या आहेत, घरी आल्यावर पहिली झोप कशी लागते ते त्यांना माहीत आहे.

*

मी गेल्यावर दोन दिवसांनी कातरणी होती. मेंढ्यांची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. त्या दिवशी भावकीतले आठ-दहा जण येतात. आज यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे, मजुरी कोणी कोणाला देत नाही. जेवण मात्र द्यावं लागतं, तेही चांगलं. मेंढी आडवी पाडायची, पाय बांधायचे आणि मोठ्या कातरीनं पोटाकडून सुरुवात करायची. कच, कच, कच. सराईत हाताला एका मेंढीला दहा-पंधरा मिनिटं लागतात. मला एक मेंढी दिली. माझी अर्धी होईपर्यंत शेजारच्या आजोबांच्या तीन झाल्या, आणि माझ्या मेंढीकडे बघून लहान मुलं इतकी हसली की मी कातर परत देऊन टाकली.

दुपारपर्यंत काळ्या लोकरीचा कमरेएवढा ढीग झाला. मला वाटलं, आता कोणी व्यापारी येईल, वजन होईल. कोणी आलं नाही. पूर्वी सांगर यायचे. सांगर म्हणजे घोंगडी विणणारे कारागीर. लोकर पिंजून, सूत कातून, मागावर विणून, चिंचोक्याची खळ देऊन ते घोंगडी करत. घोंगडी पावसात छत्री, थंडीत पांघरूण, दुपारी सतरंजी, आणि कोकरू उचलून आणायचं तर झोळी. आता गावोगाव स्वस्त चादरी मिळतात. विणणारे थोडे उरले, आणि भरड लोकरीला भाव असा राहिलाच नाही. कातरायचा खर्चही त्यातून निघत नाही. पण कातरली नाही तर मेंढीला त्रास होतो, गोचिड्या होतात, म्हणून कातरायची आणि बांधावर टाकून द्यायची.

त्या ढिगातून मित्राच्या आईनं बसल्या बसल्या थोडी लोकर निवडून बाजूला काढली. कोकराची पहिली लोकर, तिला ‘जावळ’ म्हणतात. हो, तुमचं लहानपणी जावळ काढलं असेल, तोच शब्द. जावळाची घोंगडी सगळ्यांत मऊ. दर वर्षी थोडी थोडी साठवून नातीच्या लग्नात द्यायला एक घोंगडी करायची, असं त्यांच्या मनात आहे. नात नववीत आहे. तिला लग्नाचं नाव काढलेलं आवडत नाही, पण टकळीवर सूत मात्र ती छान काढते.

संध्याकाळी मेंढ्या वाघरीत शिरत असताना मी मोजायचा प्रयत्न केला. दोनदा मोजल्या, दोन वेगळे आकडे आले. मित्राचे वडील, आबा, उंबऱ्यावर बसून होते. त्यांची नजर आता कमी झाली आहे. ते म्हणाले, “एक माघारी ऱ्हायली. कानाची.” म्हणजे जिचा एक कान फाटका आहे ती. खरोखरच ती ओढ्याकडे राहिली होती. मी विचारलं, “आबा, किती आहेत ते मोजता तरी कधी?” आबा म्हणाले, “मोजायच्या कशाला? तोंडं वळखीची हायत.” आम्ही कामावर असल्या गोष्टींसाठी केवढ्या याद्या ठेवतो ते मी त्यांना सांगितलं नाही.

*

मेंढ्या घरी असण्याच्या काळातली एक गोष्ट लहानपणी पाहिलेली आहे, ती मध्येच सांगतो. आषाढी एकादशीच्या काही दिवस आधी संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीजवळच्या काटेवाडीत येते. तिथे पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मग मेंढ्यांचं रिंगण होतं. मेंढके आपला कळप पालखीभोवती पळवतात. टाळ-मृदंग चालू, धूळ उडालेली आणि शेकडो मेंढ्या गोल गोल धावतायत. कळपाला रोगराई होऊ नये, ही त्यामागची प्रार्थना. लाखो माणसं तेव्हा घर सोडून पंढरपूरच्या वाटेवर असतात, आणि वर्षभर वाटेवर असणारे हे लोक नेमके तेव्हा घरी असतात. तेव्हा मला हे काही सुचलं नव्हतं. तेव्हा माझी चप्पल हरवली होती, तेवढंच लक्षात आहे.

*

आता त्या नातीबद्दल. ती आजी-आजोबांबरोबर गावातच राहते, शाळेसाठी. आईवडिलांना वर्षातून चार महिने भेटते. फोन आहे, पण घाटात रेंज नसते आणि रेंज असते तेव्हा चार्जिंग नसतं.

वाडा येतो त्या दिवशी ती वेशीपर्यंत धावत जाते, घोडीचा लगाम धरून पुढे चालते. पण आईजवळ लगेच जात नाही. म्हणजे बोलते, हसते, पाणी आणून देते. वेणी घालायला मात्र आजीसमोर जाऊन बसते. पहिला आठवडाभर रोज सकाळी वहिनी ते बघतात आणि काही बोलत नाहीत. हे मला मित्रानंच सांगितलं. “आठ दिस लागत्यात तिला,” तो म्हणाला. “मागल्या साली पाचच लागलं हुतं. आता मोठी झाली ना.”

या वर्षी त्यांच्या घरात एकच विषय होता. पुढच्या वर्षी पोरीची दहावी. दिवाळीनंतर वाड्यावर जायचं की कळप विकायचा?

आबांचं म्हणणं, विका. रस्ता आता पूर्वीचा राहिलेला नाही. मुंबई-गोवा महामार्ग रुंद झाला, गाड्या सुसाट जातात, रात्री कळप पलीकडे न्यायचा म्हणजे जीव मुठीत धरावा लागतो. जिथे खाचरं होती तिथे आंब्या-काजूच्या बागा आणि त्यांना तारेचं कुंपण. खत पोत्यातून मिळतं, तेव्हा मेंढ्या बसवायला बोलावणारेही कमी झाले. मित्राला ते पटतं. अर्धा कळप विकावा आणि चाळीस मेंढ्या घरीच बांधून पाळाव्यात असा त्याचा विचार. त्यातही जत भागातली माडग्याळ मेंढी घ्यावी. तिचं नाक पोपटासारखं बाकदार, लोकर कमी, वजन जास्त आणि बाजारात किंमत चांगली. हिशेब त्यानं वहीत मांडला होता, तो मला तपासायला दिला. मी तपासला. बेरजा बरोबर होत्या. पण चाळीस मेंढ्यांना बारा महिने चारा विकत आणायचा तर दोन एकर कोरडवाहूतून तो पैसा कसा उभा राहणार, ते त्या वहीत नव्हतं. मी ते दाखवलं तेव्हा तो म्हणाला, “ते मलाबी म्हाईत हाय,” आणि वही मिटली.

सगळ्यांत आश्चर्य वाटलं ते वहिनींचं. मला वाटलं होतं, दार आवडणारी बाई विका म्हणेल. त्या म्हणाल्या, विकू नका. त्यातल्या बारा मेंढ्या त्यांच्या स्वतःच्या आहेत, माहेरून दिलेल्या पाटीपासून वाढलेल्या. पाट म्हणजे तरुण मादी. “कळप हाय म्हणून हिची फी भरतुया,” त्या म्हणाल्या. “उद्या कालिजाची फी कशानं भरायची? बांधलेली मेंढरं खात्यात आन चालती मेंढरं खायला घालत्यात.” मग जरा थांबून म्हणाल्या, “दहावीच्या साली मी हितं ऱ्हाते. ह्यांनी जावं.”

यावर मित्र काही बोलला नाही, कारण बाईशिवाय वाड्यावर बिऱ्हाड चालत नाही हे त्याला ठाऊक आहे. पाल कोण उभारणार, पाणी कोण आणणार, वीस कोकरं कोण सांभाळणार? भावाच्या बिऱ्हाडात जेवायचं ठरवलं तर भावजयीवर दुप्पट काम. मग भाऊ काय म्हणेल? बोलणं तिथेच राहिलं. मी होतो त्या तीन आठवड्यांत ते चार-पाच वेळा निघालं आणि दर वेळी तिथेच येऊन थांबलं. दसऱ्याच्या सुमारास, पट्टणकोडोलीच्या यात्रेला जाऊन आल्यावर ठरवू, असं शेवटी आबा म्हणाले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या यात्रेत विठ्ठल-बिरदेवापुढे पुढच्या वर्षाची भाकणूक होते, म्हणजे पाऊसपाणी, पिकं कशी होतील ते सांगितलं जातं, आणि भंडाऱ्यानं सगळं आवार पिवळं होतं. दहावीच्या वर्षाबद्दल तिथे काही सांगत असतील असं वाटत नाही. पण आबांना तेवढी मुदत हवी होती.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. बारीक भुरभुर चालू होती आणि नेहमीसारखा वारा. मुलगी शाळेची तयारी करत होती. तिनं विचारलं, “काका, तुम्ही कधी जाणार?”

“उद्या,” मी म्हटलं.

“म्हणजे आई-आप्पांच्या आधी,” ती म्हणाली, आणि बोटांवर महिने मोजायला लागली. श्रावण, भादवा, अश्विन.

वहिनी चुलीपुढून उठल्या. हात पदराला पुसले, फणी घेतली आणि म्हणाल्या, “मोजत काय बसलीस? ये, बस हितं.” मुलगी आजीकडे एकदा बघून आईसमोर जाऊन बसली.

*

शब्दांच्या गप्पा

‘बिऱ्हाड’ म्हणजे कुटुंब आणि त्याचं सगळं सामान, एकत्र. शहरात भाड्यानं राहणाऱ्या कुटुंबालाही पूर्वी बिऱ्हाड म्हणत. ‘बिऱ्हाड पाठीवर’ म्हणजे एका जागी न टिकता सतत फिरत राहणं. मोटरहोममधल्या आजी-आजोबांना हा शब्द लागू पडेल का? वर्गात बोला.

वहिनी आणि आबा बोलतात ती सातारा भागातली बोली आहे. ती चुकीची मराठी नाही. ‘हाय’ म्हणजे आहे, ‘हितं’ म्हणजे इथे, ‘म्या’ म्हणजे मी, ‘दिस’ म्हणजे दिवस, ‘वळखीची’ म्हणजे ओळखीची. ही वाक्यं मोठ्यानं वाचा. मनात वाचून त्यांची चाल कळत नाही.

विचार करा आणि लिहा

१. दख्खनी मेंढ्या पावसाळ्यात कोकणात का ठेवत नाहीत? तुमच्या शब्दांत तीन-चार वाक्यांत सांगा.

२. शेतात मेंढ्या बसवण्यात शेतकऱ्याचा फायदा कोणता आणि मेंढपाळाचा कोणता?

३. “बांधलेली मेंढरं खात्यात आन चालती मेंढरं खायला घालत्यात.” हे वाक्य आधी प्रमाण मराठीत लिहा. मग त्याचा अर्थ सांगा.

४. कळपाचं काय करावं? आबा, मित्र आणि वहिनी यांपैकी एकाची बाजू घ्या आणि वर्गात दोन मिनिटं बोला. समोरचा जे विचारेल त्याचंही उत्तर तयार ठेवा.

५. घरी आजी-आजोबांना फोन करून विचारा: त्यांच्या लहानपणी गावात दर वर्षी कोण येऊन राहायचं आणि निघून जायचं? ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, जसंच्या तसं लिहून आणा.